लग्नसराई, ४० डिग्री आणि १४ लिटरचा डब्बा : एका छोट्या कॅबिनेटच्या कूलिंगची केस

पार्श्वभूमी

परभणीत मी पीसी जोडून देतो, रिपेअरिंग पण करतो. ही केस माझ्याच हातून गेलेल्या मशीनची आहे आणि यातली पहिली चूक पण माझीच आहे. गिऱ्हाइकाचं नाव-गाव काढून टाकलंय, आकडे मात्र वहीत लिहिले होते तसेच ठेवलेत.

गिऱ्हाईक म्हणजे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी लग्नाचं शूटिंग करणारे दादा. दुकान आठ बाय दहाचं, पहिल्या मजल्यावर, वर पत्रे. त्यांना छोटं कॅबिनेटच पाहिजे होतं आणि त्याला कारण होतं, शौक नव्हता. मंगल कार्यालयात एलईडी वॉल लागते, तिथं लाइव्ह मिक्सिंग करायचं असतं, सकाळच्या हळदीचं फुटेज संध्याकाळी वॉलवर दाखवायचं असतं, आणि ते मशीन गाडीवर पायाजवळ बॅगेत ठेवून न्यायचं असतं. जुना मोठा टॉवर नेताना एकदा ग्राफिक कार्डचा स्लॉटच तुटला होता. मी लॅपटॉप सुचवला तर म्हणाले, "भैया, तेवढ्याच पैशात लॅपटॉप हळू पडायलाय, बघितलंय मी."

डिसेंबरमध्ये जोडून दिलं. आत १४ लिटरच्या आसपास जागा असलेलं मिनी आयटीएक्स कॅबिनेट, म्हणजे मदरबोर्ड १७ सेंटिमीटर बाय १७ सेंटिमीटर. रायझन ७ ५७००एक्स प्रोसेसर, आरटीएक्स ३०६० १२ जीबी ग्राफिक कार्ड, ३२ जीबी रॅम, एसएफएक्स म्हणजे छोट्या साइजचा ६५० वॅटचा पॉवर सप्लाय. सीपीयूवरचा (प्रोसेसरवरचा) कूलर, म्हणजे हीटसिंक आणि फॅन, ४७ मिलिमीटर उंचीचा, कारण त्याहून उंच काही बसतच नव्हतं. खाली दोन बारीक १२० मिलिमीटरचे फॅन हवा आत घेणारे, वर दोन हवा बाहेर टाकणारे. एनव्हीएमई, म्हणजे डेटा साठवायच्या पट्टीसारख्या एसएसडी, दोन, एक बोर्डच्या पुढच्या बाजूला हीटसिंकखाली, त्यावर विंडोज, आणि दुसरी बोर्डच्या मागच्या बाजूला, तिच्यावर एडिटिंगची कॅशे, म्हणजे काम चालू असताना लागणाऱ्या तात्पुरत्या फाइल. ही मागची एनव्हीएमई लक्षात ठेवा.

टेस्टिंग मी केलं होतं, केलं नाही असं नाही. दुकानात त्या दिवशी २४ डिग्री. प्रोसेसरवर लोड टाकणारं सिनेबेंच आर२३ दहा मिनिटं चालवलं, सीपीयू ७२ ला गेला. मग ग्राफिक कार्डवर लोड टाकणारं फरमार्क दहा मिनिटं, जीपीयू म्हणजे कार्डची चिप ६८. डोक्यात सरळ गणित, उन्हाळ्यात आपल्याकडं ४० म्हणजे १६ वाढले, ७२ चे ८८, आणि या प्रोसेसरची मर्यादा ९० आहे, म्हणजे बसतंय काठावर. काठावर बसतंय हे मला तेव्हा खटकायला पाहिजे होतं. खटकलं नाही, मी बिल केलं.

अडचण

अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी सकाळी फोन. आता साडेतीन मुहूर्तांतला हा दिवस म्हणजे आपल्याकडं एकेका गावात किती लग्नं असतात ते सांगायला नको. दादांचा आवाज चढलेला, "भैया मशीन पार येडं झालंय, रेंडर लावलं की रडायलंय, अन् मधीच एरर देऊन प्रीमियर बंद व्हायलंय, उद्या तीन लग्नं हायेत माझ्यापुढं." प्रीमियर म्हणजे त्यांचं एडिटिंगचं सॉफ्टवेअर, रेंडर म्हणजे एडिट केलेल्याचा शेवटचा व्हिडिओ तयार करणं.

त्या दिवशी मी जाऊ शकलो नाही, फोनवरच साइडचं पॅनल काढा आणि टेबल फॅन लावा असं सांगितलं. त्यानं दोन दिवस निघाले. तिसऱ्या दिवशी त्यांनीच फोटो पाठवला, पॉवर सप्लायच्या जाळीवर पाल बसलेली. पत्र्याच्या दुकानात उघडं मशीन ठेवलं तर पाल, उंदीर, कापसाची तूस असं सगळंच आत जातं, आणि पाल सर्किट बोर्डवर शॉर्ट झाली की बोर्ड गेला. मी वर्षाला असे दोन-तीन बघतो. म्हणून पॅनल काढणं हा उपाय मी धरतच नाही, ती फक्त वेळ मारून नेणं आहे.

तक्रारी मात्र दोन होत्या आणि त्या वेगळ्या होत्या, हे मला तिथं जाईपर्यंत समजलं नाही. एक, रेंडर हळू होणं. दोन, एरर देऊन बंद पडणं. सीपीयू तापला तर तो आपला वेग कमी करतो, हळू चालतो, पण सहसा सॉफ्टवेअरला एरर देऊन बंद पाडत नाही. म्हणजे दुसऱ्या तक्रारीचं कारण कुठंतरी दुसरीकडं असणार. फोनवर मी दोन्हीला "हीटिंग" असं एकच नाव देऊन मोकळा झालो होतो.

जागेवर काय दिसलं

दुपारी दोनला पोचलो. आमच्याकडं पेपरात कृषी विद्यापीठातल्या तापमानाच्या नोंदीचा आकडा येतो आणि लोक तोच धरून बोलतात, पण तो आकडा सावलीतला, हवेशीर पेटीतला असतो. पत्र्याखालच्या खोलीचा तो नाही. कधी पत्र्याखाली त्याच्यापेक्षा जास्त असतं, कधी कूलर चालू असेल तर कमी. म्हणून मी वायरवाले तीन डिजिटल थर्मामीटर घेऊन गेलो होतो, अडीचशे रुपयाला एक मिळतं तसले.

एक खोलीत टांगलं, माणसाच्या छातीच्या उंचीला. ३९.
दुसरं कॅबिनेटच्या तळाला, हवा आत जाते तिथं. ४६.

मी तर दोन मिनिटं थर्मामीटर खराब आहे असंच समजलो. दोन्ही एकत्र धरून बघितले तर आकडा सारखाच. मग टेबलाखाली वाकून बघितलं. सुताराकडून नवं काउंटर करून घेतलेलं, त्यात पीसीसाठी मस्त कप्पा, तिन्ही बाजूनी प्लाय, पुढं काचेचं दार. धूळ जाऊ नये म्हणून. मशीन वरून गरम हवा सोडत होतं, ती कप्प्यात फिरून परत खालून आत जात होती. म्हणजे माझं मशीन ३९ च्या खोलीत नव्हतंच, ४६ च्या खोलीत होतं, आणि ती खोली त्यानं स्वतःच तापवलेली.

हे गणित एकदा समजून घ्या म्हणजे पुढचं सोपं जाईल. हीटसिंक कितीही भारी असला तरी तो आत येणाऱ्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. म्हणून नुसता "सीपीयू ८५" या आकड्याला अर्थ नाही, आत येणाऱ्या हवेच्या किती वर ते सांगा. दुसरं, हवा आत आली की किती तापून बाहेर जाते त्याचा ढोबळ हिशोब असा की १०० वॅट उष्णता मिनिटाला ५० घनफूट म्हणजे ५० सीएफएम हवेनं काढली तर हवा साधारण साडेतीन डिग्रीनं तापते. या डब्ब्यात सीपीयू ७६ वॅट, कार्ड १७०, बोर्ड-रॅम-पॉवर सप्लायची गळती धरून ३०० च्या आसपास. फॅनच्या खोक्यावर ५०-६० सीएफएम लिहिलेलं असतं ते मोकळ्या हवेतलं, जाळी आणि डस्ट फिल्टर मधी आले की निम्मं पण राहत नाही. सगळं मिळून ४० सीएफएम धरा, म्हणजे हवा १३ डिग्रीनं तापून बाहेर. मोठ्या टॉवरमध्ये तीन-चार मोठे फॅन असतात म्हणून हा फरक कमी राहतो, छोट्यात तो कमी राहतच नाही. आणि मी डिसेंबरमध्ये सीपीयू वेगळा, जीपीयू वेगळा चालवला होता. रेंडरला दोन्ही एकदम चालतात, कार्डनं तापवलेली हवाच सीपीयूला मिळते. माझ्या १६ वाढवायच्या गणितात हे कुठंच नव्हतं.

पर्याय

दादांसमोर बसून सगळे पर्याय बोललो, चहा दोनदा झाला.

मोठा टॉवर घ्या, मी कॅबिनेट आणि पॉवर सप्लाय बदलून देतो, फरक माझ्या खिशातून. हा सगळ्यात खात्रीचा मार्ग होता आणि मी मनातून त्यालाच तयार होतो. दादा नाही म्हणाले, गाडीवर नेता येत नाही मग फायदा काय.

लिक्विड कूलर. २४० मिलिमीटर रेडिएटरचा या कॅबिनेटात बसतो, पण वरचे दोन्ही फॅन त्याच्यात जातात, कार्डची गरम हवा रेडिएटरमधूनच बाहेर पडणार, आणि पंप ही अजून एक बिघडायची वस्तू. पाणी आहे म्हणून ४० च्या हवेत ते ३० होत नाही, लोकांचा तसा समज असतो. सोडून दिलं.

एसी. पत्र्याखाली एसी म्हणजे रस्त्यावर पंखा लावल्यासारखं, आणि लाइट गेली की इन्व्हर्टरवर तो चालत नाही.

डेझर्ट कूलर. दुकानात होताच. आपल्याकडं वैशाखात हवा कोरडी असते म्हणून कूलर खरंच काम करतो, चालू करून बघितला तर तळाशी ४६ चे ३१ झाले, मशीन एकदम शांत. दादा म्हणाले झालं की मग! मोह मलाही झाला. पण कूलरचा झोत थेट मशीनवर होता, बोअरचं पाणी, आणि डस्ट फिल्टरवर बोट फिरवलं तर पांढरी पूड, क्षार. म्हणजे हे आधी पण करून झालं होतं. बारीक तुषार आत जाऊन क्षार वाळले की कनेक्टर खराब होतात, ते आज नाही, पुढच्या वर्षी कळतं. शिवाय रोहिणी-मृगात हवा दमट झाली की कूलरचा उपयोग संपतो, आणि मंगल कार्यालयात तर कूलर नसतोच. म्हणून ठरवलं की कूलर खोलीसाठी खुशाल चालू द्या, मशीन मात्र कूलर नसतानाही टिकलं पाहिजे.

राहिला तो मार्ग : जागा बदलणे, हवेचा रस्ता नीट करणे, आणि वॅट कमी करणे. फुकटातला मार्ग म्हणून मी त्याला आधी कमी लेखत होतो.

काय केलं, एकेक करून

इथं मी एक गोष्ट ठरवून केली, एका वेळेला एकच बदल. दुकानात घाईत आपण सीपीयूवरची थर्मल पेस्ट पण बदलतो, फॅन पण फिरवतो, मग टेम्परेचर उतरलं की कशानं उतरलं ते कळत नाही. डेझर्ट कूलर बंद ठेवला, बिचारे दादा घाम पुसत बसले. टेस्ट म्हणून त्यांचाच एक बारा मिनिटांचा हायलाइट घेतला, तेच रेंडर प्रत्येक वेळेला, ते लवकर संपलं तरी लोड तसाच चालू ठेवून अर्धा तास, आणि एचडब्ल्यूइन्फो या टेम्परेचर नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरला लॉग चालू.

आहे तसं, कप्प्यात : सीपीयू दोन-तीन मिनिटात ९० ला जाऊन तिथंच अडकला, वेग ४ गिगाहर्ट्झच्या आसपासचा ३.४ वर आला. कार्ड ८४. आणि लॉगमध्ये खाली सरकवत गेलो तेव्हा ते दिसलं, मागची एनव्हीएमई ८४. तिच्यावर ना हीटसिंक ना हवा, मदरबोर्ड आणि कॅबिनेटच्या पत्र्याच्या मधल्या सापटीत बसलेली, त्यात कार्डची आच. एडिटिंगची कॅशे तिच्यावरच, म्हणजे रेंडरला सगळ्यात जास्त राबणारी तीच. विसाव्या मिनिटाला ती काही सेकंद गायबच झाली आणि प्रीमियरनं एरर दिली. दुसऱ्या तक्रारीचा चोर हा. मी चार महिन्यात एकदाही तिचं टेम्परेचर बघितलं नव्हतं. रेंडर तिसऱ्या प्रयत्नात पूर्ण झालं, ४१ मिनिटं.

कप्प्यातून काढून टेबलावर, भिंतीपासून वीतभर लांब : तळाशी ३९.५. सीपीयू ८८, मधूनमधून ९०. कार्ड ८०, एनव्हीएमई ७८. रेंडर ३३ मिनिटं. एक रुपया न घालता आठ मिनिटं वाचली. दादा कप्प्याकडं बघत म्हणाले, "चार हजार घेतले त्यानं ह्या कप्प्याचे."

मग फोम. सीपीयूवरच्या छोट्या कूलरचा फॅन आणि साइडची जाळी यात बोटभर फट होती, फॅन बाहेरची हवा ओढायच्या ऐवजी त्या फटीतून आतलीच गरम हवा ओढत होता. स्टेशनरीच्या दुकानातून चाळीस रुपयाचं फोम शीट आणलं, फॅनएवढी गोल चकती कापून कडं केलं आणि फॅन ते जाळी अशी बंद वाट करून दिली. सीपीयू ८५. या सगळ्या कामात पैशाच्या मानानं सगळ्यात भारी वस्तू हीच निघाली.

पुढचा प्रयोग फसला. वरचे दोन फॅन उलटे करून सगळेच हवा आत घेणारे केले, म्हणजे आत दाब राहील, धूळ कमी येईल. सीपीयू ८३ झाला पण कार्ड ८० चं ८३, आणि मागची एनव्हीएमई परत ८० च्या वर. गरम हवेला वर जायला वाट नाही तर ती कोपऱ्यात घुटमळते. अर्धा तास घालवून परत होतं तसं केलं. करायला नको होतं असं नाही म्हणणार, धुळीसाठी ते करून बघणं भाग होतं.

एनव्हीएमईची अदलाबदल : कॅशेची पुढं हीटसिंकखाली, विंडोजची मागं. विंडोजवाली रेंडरला फारशी राबत नाही. पुढची ६४ ला थांबली, मागची ६९.

शेवटी वॅट. इथं दादांना पटवायला वेळ लागला, त्यांचं म्हणणं रास्त होतं, पैसे पूर्ण मशीनचे दिलेत मग वेग का कमी करायलात. मी म्हटलं आत्ता पण तुम्हाला पूर्ण वेग मिळत नाहीये, तापून तो आपला आपण कमी व्हायलाय, मी फक्त आधी ठरवून कमी करतो. बायोसमध्ये सीपीयूची पॉवर ७६ वॅटवरून ६० केली, आणि सॉफ्टवेअरमधून कार्डची १७० ची ७५ टक्के म्हणजे १२७ च्या आसपास. परत तेच रेंडर. सीपीयू ७६, कार्ड ७३, आणि वेळ ३१ मिनिटं. आधीपेक्षा दोन कमी! कारण आता वेग वरखाली होत नव्हता. थंडीत हेच सेटिंग पूर्ण पॉवरपेक्षा थोडं हळू पडणार हे मी तेव्हाच सांगून ठेवलं, नाहीतर डिसेंबरात परत फोन.

निकाल

मे महिना निघाला. खोलीत ४१ गेलं त्या दिवशी लॉगमध्ये सीपीयू ७९, एरर एकही नाही. दर रविवारी फिल्टर काढून झटकायचं काम दादांच्या मुलाकडं.

एकदा मात्र धाकधूक झाली. एका लग्नात मशीन एलईडी वॉलच्या मागं ठेवलं, मंडपाचं कापड, वॉलची स्वतःची आच, शेजारी जनरेटर. सीपीयू ८४ ला गेला. बंद पडलं नाही पण तसं ठेवायचं नाही हे माझ्याकडून सांगायचं राहून गेलं होतं. आता ते वॉलच्या बाजूला, स्टुलावर ठेवतात.

पैशाचं म्हणाल तर जाण्या-येण्याचं पेट्रोल आणि फोम मी घेतलं नाही. अक्षय तृतीयेच्या तीन लग्नांपैकी एकाचा संध्याकाळचा व्हिडिओ दाखवता आला नाही, त्या पार्टीनं दादांचे पैसे कापले, आणि ते नुकसान मी भरून देऊ शकलो नाही. दादांनी मागितलं पण नाही. ते अजून माझ्या डोक्यात आहे.

परत केलं तर

सगळ्यात आधी, सीपीयू आणि जीपीयू एकदम, आणि दहा मिनिटं नाही. एप्रिलच्या लॉगमध्ये टेम्परेचर बाविसाव्या मिनिटापर्यंत चढतच होतं. छोट्या डब्ब्यात सगळा पत्रा, पॉवर सप्लाय, बोर्ड तापून स्थिर व्हायला वेळ लागतो, दहाव्या मिनिटाचा आकडा म्हणजे भात शिजायच्या आधी कुकर उघडण्यासारखं.

मशीन कुठं ठेवणार हे विचारायचं, आणि जमलं तर जागेचा फोटो मागवायचा. मी लिटर, वॅट, बजेट सगळं विचारलं होतं, कप्प्याचं विचारलं नव्हतं.

आणि थंडीत उन्हाळा तयार करायचा. आता मी मॉनिटरचं मोठं खोकं मशीनवर उलटं घालतो, एका बाजूला झाकण कापलेलं, थर्मामीटरची वायर तळाच्या जाळीपाशी. मशीन आपल्याच हवेनं खोकं तापवतं, झाकण कमी-जास्त उघडून आत येणारी हवा ४२ वर धरायची आणि अर्धा तास रेंडर. समोर बसूनच करायचं, लावून जेवायला जायचं नाही. लॅबसारखं अचूक नाही हे मान्य, पण डिसेंबरात हे केलं असतं तर ती मागची एनव्हीएमई मला तेव्हाच सापडली असती.

मागच्या बाजूला एनव्हीएमई लावणं तर मी आता टाळतोच, लावलीच तर थर्मल पॅड देऊन ती मागच्या पत्र्याला टेकवतो. वॅट कमी करायचं सेटिंग डिलिव्हरीच्या आधीच करून, गिऱ्हाइकाला दाखवून देतो. याबद्दल आमच्यातल्याच काही जणांचं मत वेगळं आहे, गिऱ्हाइकाला कमी वेगाचं मशीन कसं द्यायचं म्हणून. त्यांचं दुकान खाली स्लॅबखाली आहे, माझी गिऱ्हाइकं पत्र्याखाली.

दिवाळीत सर्व्हिसिंगला ते मशीन आलं. आत धूळ अपेक्षेपेक्षा कमी, पेस्ट ठीक, पण फोमचं कडं उन्हाळ्यात गोंद सुटून खाली घसरलं होतं, कार्डच्या पाठीवर पडून होतं. ते फॅनमध्ये अडकलं नाही हे नशीब. आता नवं कडं गोंदानं न चिकटवता फॅनच्या चार स्क्रूखाली दाबून बसवलंय, येत्या एप्रिलमध्ये ते टिकतंय का ते बघायचं.